वानखडे बाईंचा शनिवार

“इंग्रजीत बोलू नका डॉक्टर. तिले सगळं समजते.”

भास्करमामांनी हे दबक्या आवाजात म्हटलं. खामगावच्या त्या दवाखान्यात जिन्याखालच्या बाकावर मी डबा मांडीवर घेऊन बसले होते, तिथे मला ते स्पष्ट ऐकू आलं. एरवी उलट असतं. पेशंटला कळू नये म्हणून डॉक्टर इंग्रजीत बोलतात आणि नातेवाईक समजल्यासारखी मान हलवतात. पण आतल्या खाटेवर मामांची बहीण, आमच्या इंग्रजीच्या वानखडे बाई होत्या. दार नीट लागत नव्हतं. इंग्रजी हा पडदा त्यांच्यापुढे काही कामाचा नव्हता.

अकोल्याहून आलेले डॉक्टर क्षणभर थांबले. मग एकेक शब्द शोधत हळू आवाजात बोलू लागले.

“गाठ स्वरयंत्रात आहे. नुसती गाठ काढून भागणार नाही, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही.”

“थोडाही नाही?”

“पुढे यंत्र लावून काही लोक थोडंफार बोलतात. पण हा आवाज म्हणाल तर, नाही. तुम्ही त्यांना सांगून ठेवा.”

“आत्ता नोका सांगू. ती तयार नाही होणार.”

“सोमवारी सकाळी सही घेण्याआधी मी त्यांना सांगणारच. त्याशिवाय हात लावणार नाही.”

“तवा सांगा,” मामा म्हणाले. “टेबलापाशी गेल्यावर माघार नाही घेणार ती. आज सांगितलं त जानेफळची एसटी पकडून निघून जाईन.”

डॉक्टरांना हे पटलं नव्हतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. पण त्यांना दुसरे पेशंट होते. ते गेले. मामा वळले तेव्हा त्यांना मी दिसले. आधी दचकले, मग त्यांचा चेहरा सैल झाला.

“तू हायेस व्हय,” ते म्हणाले. “तुह्यं काही भेव नाही पोरी. तू कुठं बोलतेस.”

तो शनिवार होता.

वानखडे बाईंच्या क्लासला मी तीन वर्षं गेले. क्लास कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या एका खोलीत भरायचा. दारावर पाटी होती, ‘इंग्रजी शब्द’. बास. कोणी पालक येऊन विचारायचे, “ग्रामर घेता का, मॅडम?” तर बाई म्हणायच्या, “व्याकरण दुसरीकडं भेटते. इथं सामान भेटते. आणि मॅडम नोका म्हणू, बाई म्हणा.” हायस्कूलमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा क्लास काढला होता. बँकेच्या परीक्षा देणारी, नर्सिंगला जाणारी, नोकरीसाठी मुलाखतीला घाबरणारी अशी सगळी पोरं तिथे यायची.

आमच्या आत्यानं, मी क्लास लावला तेव्हा, स्वयंपाकघरातून विचारलं होतं, “वानखडे म्हणजे कोणातले गं?” बाबा कोर्टात क्लार्क आहेत, मोजकं बोलतात. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “इंग्रजीतले.” त्यानंतर आत्यानं विचारलं नाही.

बाई बुटक्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, तोंडात लवंग, हातात गरम पाण्याचा स्टीलचा ग्लास. आणि आवाज. त्या आवाजाला ती खोली पुरत नसे. जिनिंगच्या फाटकाजवळ सायकल लावतानाच कळायचं, आज बाई कोणावर सुरू झाल्यात. जानेफळला त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची लहानपणी लागलेली सवय पुढे कधी सुटलीच नाही.

त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पाठांतर नाही, अर्थ लिहून घेणं नाही. रविवारी त्या प्रत्येकाला एक शब्द द्यायच्या, आणि आठवडाभर तेच त्याचं नाव. “शब्द आंगावर घाला,” म्हणायच्या. “कपड्यासारखा. कुठी टोचते, कुठी ढिला होते, घातल्याशिवाय समजत नाही.” मग सगळा आठवडा क्लासमध्ये असली हाकाटी चालायची.

“ए लेथार्जिक, उठ, पंखा लाव.”

“गॅर्युलस आला नाही का बे आज? म्हणूनच शांतता हाये.”

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, या बाई चिडवतात. नंतर कळलं, त्या माणसाकडे बघून शब्द निवडायच्या, पण निवडून झाला की त्यातून सुटायची वाटही द्यायच्या. शनिवारी उभं राहायचं. तो शब्द घेऊन एक वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं. वाक्य खरं पाहिजे, आणि तुमचं पाहिजे. जमलं की शब्द तुमचा झाला, नाव मोकळं. नाही जमलं तर पुढचा आठवडाही तोच शब्द अंगावर.

शफीक नावाचा एक मुलगा होता, औषधाच्या दुकानात काम करायचा. त्याला मॅग्नॅनिमस मिळाला होता, म्हणजे मोठ्या मनाचा. शनिवारी तो उठला आणि ठासून म्हणाला, “द किंग वॉज मॅग्नॅनिमस.”

“कोणता राजा?” बाईंनी विचारलं.

“कोई बी, बाई. राजा.”

“खामगावात राहते का? तुह्या दुकानात गोळ्या घ्याले येते?”

सगळे हसले. शफीकही हसला. मग त्याचं हसू ओसरलं, तरी तो बसला नाही. त्याच्या वडिलांना मागच्या महिन्यात एका मोटरसायकलवाल्यानं उडवलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. तो खाली बघत म्हणाला, “माय फादर गेव टी टू दॅट मॅन. माय फादर इज मॅग्नॅनिमस. आय ॲम नॉट.”

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. “बस,” म्हणाल्या. “तुहा झाला.”

वैशाली मात्र ऑब्स्टिनेटवर अडून बसली. बाई शब्द बदलायला तयार होत्या, तिनं वाक्यही झकास म्हटलं होतं, पण ती म्हणाली, “नाही बाई, मले हाच राहू द्या. घरी कामाले येते.” तिच्या घरी तेव्हा तिच्या लग्नाची घाई चालली होती. आता ती पुण्यात बँकेत आहे. तिथूनही बाईंना फोन करायची तेव्हा “ऑब्स्टिनेट बोलतेय” असंच म्हणायची.

मला पहिल्या रविवारी रेटिसेंट मिळाला. ज्याच्या तोंडातून सहज काही निघत नाही, असा माणूस.

लोकांना वाटायचं, ही इंग्रजी माध्यमातली, हिला क्लास कशाला. माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, त्यामुळे मी शाळेत मराठी चुकून निघू नये म्हणून गप्प राहायला शिकले. सुट्टीत आजोळी, साखरखेर्ड्याला गेलं की मामेभावंडं आणि त्यांचे शेजारी गोळा व्हायचे. “बोलून दाखव न इंग्रजी,” म्हणायचे, जशी मी काही वाजवायची वस्तू आहे. तिथे इंग्रजी चुकू नये म्हणून गप्प. असं करत करत दोन्हीकडे गप्प राहण्यात मी तरबेज झाले. वाचायला भरपूर यायचं. शब्दांचे अर्थ यायचे. पण कोणी माझ्याकडे बघून थांबलं, की आता मी काहीतरी म्हणावं अशी त्याची अपेक्षा आहे हे कळताच माझा घसा आतून बंद व्हायचा. हात ओले व्हायचे. कानात गरम काहीतरी भरायचं.

शनिवार उजाडला की सकाळपासून जेवण जात नसे. बाई नाव घ्यायच्या, मी उभी राहायचे, खिडकीबाहेरच्या कापसाच्या गाड्या बघायचे, आणि बसायचे. बाई कधी रागावल्या नाहीत. “राहू दे. अजून घालून फीर,” एवढंच म्हणायच्या. इतर मुलांचे शब्द दर आठवड्याला बदलायचे. माझं नाव तेच राहिलं. शेवटी नवीन येणाऱ्या पोरांना ते माझं खरं नावच वाटायचं.

बाईंची भीती सगळ्यांनाच वाटायची, फक्त माझी गोष्ट नव्हती. गावात त्यांना टाळणारी माणसंही होती. एकदा मी त्यांच्याबरोबर बसस्टँडवर उभी होते. एका म्हातारीनं चौकशीच्या खिडकीवर मेहकरच्या गाडीचं विचारलं. ती तिसऱ्यांदा विचारत होती, तिला ऐकू कमी येत होतं. आतला माणूस तिच्यावर खेकसला, इथे रांग लाव, कागद वाच, कामात अडथळा आणू नको. बाई सरळ खिडकीपाशी गेल्या आणि त्या त्यांच्या आवाजात म्हणाल्या, “यू आर ऑफिशस.”

सगळा स्टँड वळून बघू लागला. मला वाटलं, जमीन फाटून मला गिळेल तर बरं.

“काय म्हटलं?” तो माणूस उठला. “शिवी देता काय?”

“शिवी नाही. शब्द हाये.”

“मतलब काय त्याचा?”

“गरज नसताना अधिकार दाखवते, तो. सही अर्थ पायजे असन त शनिवारी क्लासले या. जिनिंगच्या मागं.” मग म्हातारीकडे वळून, तिच्या कानाशी वाकून, पण पुन्हा पूर्ण स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, मेहकरची गाडी अमुक वेळेला, अमुक ठिकाणी.

तो काही क्लासला आला नाही. पण पुढे बाई खिडकीशी दिसल्या की त्यांनी विचारायच्या आत तो गाडीची वेळ सांगून टाकायचा.

तेव्हा मी मनात म्हटलं होतं, या बाईला भीती हा प्रकारच माहीत नाही. असल्या माणसांना आमच्यासारख्यांचं काय कळणार.

मग एकदा पावसाळ्यात लाइट गेली. मुलं उशिरा येत होती, खोलीत फक्त आम्ही दोघीच. बाहेर अजून संध्याकाळ होती. बाई शेंगा सोलत बसल्या होत्या आणि आपणहून बोलू लागल्या. गिरणीवर पीठ न्यायला लोक खामगावच्या बाजारातली रद्दी आणायचे, त्यात इंग्रजी पेपरचे तुकडे असायचे. वडील ते त्यांना द्यायचे. तेलकट, फाटलेले. बातमी अर्धी, शब्दसुद्धा कधी अर्धा. उरलेला अर्धा काय असेल, याचा विचार करत त्या दळण पाखडायच्या. गावात ते शब्द कोणासमोर म्हणायचा प्रश्नच नव्हता.

“कॉलेजले आली तवा माह्याजवळ शब्द लय होते,” बाई म्हणाल्या. “एकही कधी तोंडातून काढला नव्हता. पह्यल्यांदा वर्गात उभी राह्यली अन् एक म्हटला. सारा वर्ग हसला. सरबी हसले. जानेफळच्या गिरणीतून आलेली पोरगी, अन् हे काय बोलून राह्यली म्हणून.”

मला ऐकतानाच कानात गरम झालं होतं.

“घरी जाऊन लय रडली. माय म्हणे, काऊन जातेस मंग? दुसऱ्या दिवशी गेली. पुन्हा हात वर केला.”

मी विचारलं, जेमतेम ऐकू जाईल इतकं. “भीती गेली होती?”

“कुठी गेली?” बाई हसल्या. “आजबी येते. स्टँडवर त्या माणसाशी बोलताना पाय लटलट करून राह्यले होते माहे. तू पाह्यलं नाही? तुले त सगळं दिसते.” शेंगेचं टरफल त्यांनी परातीत टाकलं. “भेव आलं की मी आवाज चढवते. माह्याजवळ दुसरं काहीच नाही.”

त्या दिवसानंतर त्यांचा आवाज मला वेगळा ऐकू येऊ लागला. मोठ्या आवाजात बाई बोलल्या की मी त्यांच्या पायांकडे बघायचे.

त्या दिवाळीच्या आसपास तो आवाज बसला. खडूचा त्रास, बाई म्हणाल्या. मग हवा बदलली म्हणाल्या. एका लवंगेच्या दोन लवंगा झाल्या. क्लासमध्ये त्या कमी बोलू लागल्या आणि आम्हाला जास्त बोलायला लावू लागल्या. शफीक म्हणाला, “बाई, दिखाओ ना किसीको.” त्याच्या दुकानातून त्यानं घशाच्या गोळ्या आणल्या. बाईंनी त्या घेतल्या आणि त्याला हॅगर्ड शब्द दिला, कारण तो रात्रपाळीनं ओढलेला दिसत होता. एका शनिवारी त्या मला उभं करायला गेल्या आणि त्यांच्या तोंडातून माझं नावच निघालं नाही. ओठ हलले, घशातून फक्त हवा आली. बाईंनी गळ्यावर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा मला त्यांचे पाय बघावे लागले नाहीत. ते चेहऱ्यावरच होतं.

त्यानंतर तपासण्या. भास्करमामा जानेफळहून आले, बाईंचे धाकटे भाऊ. गिरणी आता ते चालवतात. गाठ कॅन्सरची आहे हे बाईंनी स्वतःच जाणून घेतलं. तपासणीचा कागद डॉक्टरांच्या हातून घेऊन वाचला, मान हलवली, परत दिला. पण ऑपरेशन ठरलं तेव्हा एक गोष्ट मी पाहिली आणि तिनं मला इतर सगळ्यापेक्षा जास्त घाबरवलं. मामा म्हणाले, “गाठ काढतीन, आक्का. मंग आराम.” बाईंनी ऑपरेशनचं नाव विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीचा नेमका शब्द मागणारी बाई. फाइल मामांच्या पिशवीत होती, पिशवी खाटेखाली होती. हात खाली घातला असता तरी मिळाली असती. त्यांनी हात घातला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घशाला ताण देऊ नका. मामांनी त्यात आपलं घातलं. “आता मुळीच बोलू नको. आवाज राखून ठेव. नंतर मनसोक्त बोलजो.” आणि बाई खरंच गप्प झाल्या. एक शब्द नाही. काही हवं असेल तर मोबाइलवर लिहून दाखवायच्या. इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं. त्या आवाज राखून ठेवत होत्या. सांभाळून वापरावा, पुढे लागेल, अशा हिशेबानं.

शनिवारी बाकावर मी ते सगळं ऐकलं, आणि मामा मला दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले. ते वाईट नाहीत. मोठ्या अंगाचा, हळवा माणूस. केसात अजून पीठ असल्यासारखा पांढरा. चहा घेतला नाही त्यांनी.

“तुले वाटत असन मी खोटं बोलून राह्यलो,” ते म्हणाले.

मी कपाकडे बघत राहिले.

“आमच्या मायले आम्ही सगळं खरं सांगितलं होतं. असं असं हाये म्हणून. आक्कानंच सांगितलं, मी नाही म्हणत होतो. माय उठली, भिंतीकडं तोंड केलं, अन् जेवण सोडलं. औषधबी नाही घेतलं. गेली.” त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. “हिले आवाज म्हणजे काय हाये, मले माहीत नाही का? लहानपणापासून त्याच आवाजाच्या मागं चालतो मी. तिले समजलं त ती नाही म्हणन. मंग काय, मरू देऊ? आवाजाची बहीण नाही पायजे मले. बहीण पायजे.”

त्यांचं खोटं होतं असं मला म्हणता येईना. मी मान हलवली. त्यांना ते पुरेसं वाटलं.

शनिवारची रात्र मी घरी झोपून काढली, झोप लागली असं नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती. मी बोलले आणि बाई नाही म्हणाल्या, तर माझ्या एका वाक्यानं एक माणूस मरेल. मी नाही बोलले, तर सोमवारी सकाळी, अकोल्याच्या थंड खोलीत, अंगावर हिरवा कपडा असताना, अनोळखी लोकांमध्ये त्यांना ते कळेल. बोलायला वेळच उरणार नाही. आणि ज्यांच्याशी बोलायचं, ते कोणी जवळ नसतील.

रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेले. मामा गाडी ठरवायला गेले होते, पहाटे अकोल्याला निघायचं होतं. खोलीत ऊन आलं होतं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, प्रसन्न. मला बघून त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं आणि त्यांचा मोबाइल माझ्या हातात दिला. दुपारभर फोन येत होते, उचलायचं काम माझ्याकडे दिलं होतं त्यांनी. मुद्दामच दिलं असणार.

एरवी मी फोन उचलायचं टाळते. पण मी उचलत होते. खामगावच्या जुन्या विद्यार्थिनी, एक शिक्षिका, कोणी बुलढाण्याहून. सगळ्यांचं एकच. बाईंशी दोन शब्द बोलू द्या. बाई हात वर करून तळवा हलवायच्या. नंतर. आणि मी म्हणायचे, “बाई नंतर बोलतील. ऑपरेशननंतर.” म्हणताना माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता.

शफीक येऊन गेला. दारातूनच म्हणाला, “बाई, जल्दी आओ. मेरा शब्द अब्बी बाकी है.” बाई हसल्या, तळवा हलवला. नंतर.

मग त्यांनी मोबाइल मागून घेतला, बराच वेळ काही लिहिलं आणि माझ्यासमोर धरला. ऑपरेशन झालं की तुला एक गोष्ट सांगायची आहे, असं त्यात होतं. तीन वर्षं सांगेन म्हणत होते. लिहून नाही सांगणार, बोलून सांगेन.

वाचून मी वर पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे मिचकावले. आणि मग, मी बघू नये असं वाटत असताना, माझी नजर खाली गेली. चादरीखाली त्यांचे पाय थरथरत होते.

त्यांना काहीतरी कळलं असेल का, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही. आजही नाही. त्या शब्द विचारत नव्हत्या, हे मात्र मला दिसत होतं. विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून सांगणारंही कोणी नव्हतं, आणि मधे सगळा दिवस गप्पपणात चालला होता.

फोन वाजला. वैशाली होती, पुण्याहून. मागे गाड्यांचा आवाज.

“दे न बाईले फोन,” ती म्हणाली. “मी येऊन राह्यली होती, पण सुट्टी नाही भेटली. फक्त हॅलो म्हणू दे. मले त्यांचा आवाज ऐकाचा हाये बस, बाकी काही नाही.”

मी बाईंकडे पाहिलं. बाईंचा हात उठला, तळवा उघडला. नंतर.

“काय झालं? ऐकतेस न? बोल न काही, तू बोलतच नाहीस कधी,” वैशाली फोनमधून म्हणत होती.

माझे हात ओले झाले होते, फोन निसटत होता. मामांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, टपरीवरचा, गमछ्यानं पुसलेला. भिंतीकडे तोंड केलेली एक म्हातारीही आली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर पॅसेजमध्ये पावलं वाजली, मामाच असतील असं वाटलं. ती पुढे निघून गेली. बाईंचा तळवा अजून हवेतच होता. त्या वाट बघत होत्या, मी ते नेहमीचं वाक्य म्हणावं म्हणून.

मी फोन बंद केला नाही. तो चादरीवर, त्यांच्या हाताजवळ ठेवला. त्यांचा वर धरलेला हात खाली घेऊन माझ्या दोन्ही हातांत धरला. पहिल्यांदा काहीच निघालं नाही, फक्त हवा. दुसऱ्यांदा आवाज निघाला, आणि तो इतका मोठा होता की मी स्वतःच घाबरले.

“बाई, नंतर नाही. उद्या ते तुमचं स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात डॉक्टर, आवाज राहणार नाही. करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण बोलायचं असेल ते आज बोला. वैशाली फोनवर आहे.”